मोहरीएवढा खडा

दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जी बाई बसायची, तिला सगळे मेणताई म्हणत. तिच्या नखांत बारा महिने गुलाबी मेण अडकलेलं असे, म्हणून. काम कवळ्या करायचं. खाली डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेत आणि टोपलीत घालून जमिनीतल्या चौकोनी झडपेतून वर पाठवत. दोरीला बांधलेली घंटी किणकिणली की मेणताई टोपली ओढून घेई. तयार कवळी त्याच वाटेने खाली जाई. पेशंट तिला दिसत नसत, ती पेशंटना दिसत नसे. चिठ्ठीवर नावसुद्धा नसे. नंबर, वय आणि दातांचा रंग, बस्स. माणसांशी संबंध आला की कटकटी होतात, नुसत्या तोंडांशी आला तर होत नाहीत, असं तिचं मत होतं. तीस वर्षं ते मत टिकलं, हेच नवल.

खोलीच्या तीन भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. जुने साचे फेकायचे नाहीत, हा तिचाच नियम. दुपारी ऊन खिडकीतून तिरपं आत येई, प्लास्टरची धूळ त्यात तरंगत राही, गरम पाण्याच्या भांड्यातून वाफ निघे, आणि मेणताईला वाटे की सगळं गाव इथे तोंड उघडं टाकून झोपलंय. मग तिलाही डुलकी लागे. डुलकीत जबडे बोलत. मोठं काही नाही. कोणी विचारी दार लावलं का, कोणी म्हणे आज गार आहे. ती झोपेतच हूं म्हणे. वेडेपणा म्हणा हवं तर. पण तीस वर्षं मुक्या जबड्यांच्या संगतीत काढून बघा आणि मग बोला.

त्यातला एकही आवाज तिच्या धाकट्या भावाचा नसे. तिला तोच हवा असे. भाऊ जाऊन सतरा वर्षं झाली होती. चेहरा आठवे, चालणं आठवे, शिट्टी मारत जिना चढणं आठवे, पण आवाज काही केल्या आठवत नसे. एखादं भांडं फडताळात आहे हे माहीत असावं आणि हाताला लागू नये, तसं व्हायचं. आणि भाऊ तर सगळा आवाजातच होता. त्याला नकला करायची भारी खोड. मुख्याध्यापक, शिपाई, चर्चचे पाळकसाहेब, कोणी सुटत नसे.

हा धाकटा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. संध्याकाळी सुटला की वर येऊन ताईजवळ बसे. कवळी तयार झाली की तिच्या आतल्या बाजूवरून कापसाचा बोळा फिरवायचा असतो. प्लास्टर ओतताना कुठे हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर कवळीला तिथे बारीकसा खडा उठतो. डोळ्याला दिसत नाही, बोटालाही चकवतो, पण कापसाचा धागा त्याच्यावर हमखास अडकतो. तो कानशीने घासून काढला नाही तर हिरडीत रुततो. धाकट्याला हे फार आवडायचं. कवळी खाली जायच्या आधी तो दर वेळी विचारायचा, "ताई, कापूस फिरवलास का?"

मग एका सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा जळाली. आगीत माणूस कोणी सापडलं नाही, पण खोली काळीठिक्कर पडली. चौकशी झाली. विज्ञानाचे सर उभे राहिले आणि तीन शब्द बोलले: "किल्ली त्याच्याकडे होती." सरांचा शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. धाकट्याची नोकरी गेली. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "ताई, किल्ली माझ्याकडे नव्हती गं." त्यापुढे गावात त्याला कोणी दारात उभं करेना. तो जहाजावर कामाला लागला आणि दोन वर्षांनी परमुलखात तापाने गेला. घरी त्याची पेटी तेवढी आली. आई दाराजवळच्या खुर्चीत बसून वाट बघायची; पेटी आल्यावरही ती तिथेच बसत राहिली, आणि शेवटी तिथेच गेली.

सर आणि मेणताई एकाच चर्चमध्ये जात. गावात दुसरं होतं कुठे? ती उजवीकडे पाचव्या बाकावर, ते डावीकडे पुढे. दर रविवारी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत, आणि त्या एका ओळीशी आलं की मेणताई तोंड मिटून घेई. आमच्या पापांची क्षमा कर, जशी आम्ही आमच्या अपराध्यांना केली. या ओळीचा दुसरा अर्धा भाग तिने एकोणीस वर्षं म्हटला नव्हता. केलीच नाही तर केली कसं म्हणायचं? माणसांशी खोटं बोलणं वेगळं, पण तिथे तोंड वर करून थाप मारायची म्हणजे फारच झालं.

पाळकसाहेबांच्या एकदा लक्षात आलं. त्यांनी तिला दाराशी गाठलं.

"ताई, वैऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय आपल्याला."

"सांगणाऱ्याचं बरोबरच आहे, पाळकसाहेब. ऐकणारीचं काय करायचं ते सांगा."

"त्यांच्यासाठी रोज एक प्रार्थना करून बघा. अगदी छोटी. जे मागवेल ते मागा."

पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, मागितलंत का? मेणताई म्हणाली, "मागितलं की. प्रभू, त्याला लवकर उचल, म्हटलं." पाळकसाहेबांना हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून ते आत पळाले, आणि तो विषय तिथेच राहिला.

तर एका मंगळवारी घंटी किणकिणली. टोपलीत दोन ठसे होते, वरच्या आणि खालच्या जबड्याचे, आणि एक पाकीट. चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंचं घाईचं अक्षर: वय एकाहत्तर, पूर्ण कवळी. दात कसे होते त्याचा जुना फोटो सोबत. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आत हवी, पेशंटला त्या दिवशी चारचौघांत बोलायचं आहे.

मेणताईने पाकीट उघडलं. शाळेच्या पायऱ्या, स्नेहसंमेलनाचा दिवस, आणि मधोमध विज्ञानाचे सर, वीस-बावीस वर्षांपूर्वीचे, मनापासून हसताहेत. वरचा एक सुळा जरा तिरका. आणि त्यांच्या खांद्याशी, कडेने अर्धा कापला गेलेला, तिचा धाकटा.

ऊन एका फळीवरून दुसऱ्या फळीवर गेलं. भांड्यातलं पाणी आटत आलं. अर्ध्या चेहऱ्याचा धाकटा काहीतरी बोलत होता. ओठ पुढे आले होते, डोळ्यात खोडी होती. आवाज अर्थातच नव्हता. मग तिने ठशात प्लास्टर ओतलं, कारण ठसा वाळू दिला तर आकसतो. काम ते काम.

सकाळी सरांचं तोंड तिच्या टेबलावर होतं. पांढरं, कोरडं, उघडं. हेच तोंड, ती मनात म्हणाली. ह्याच टाळूला जीभ लावून तीन शब्द बोलला हा. लोकांत ती त्यांना सर म्हणायची, पण मनात एकेरीच. आणि आता ह्याला चारचौघांत बोलायचंय! कसला तरी सत्कार असणार. हार-तुरे, शाल, आणि वर भाषण. तिने दात-ओठ खाल्ले, आणि ह्याला मात्र दातही आपणच द्यायचे, ह्याचा तिला आणखी राग आला.

गंमत अशी की हात तिचं ऐकेनात. वाईट काम करायची त्यांना सवयच नव्हती. मेण ऊन करून त्यांनी कमान बांधली, एकेक दात बसवला, लोखंडी बिजागरीवर वरचा जबडा खालच्यावर टेकवून पाहिला, निळा कागद मध्ये धरून कुठे जास्त टेकतंय ते तपासलं. फोटोतला सुळा तिरका होता तेवढाच तिरका लावला. मेणात दात असे दिसू लागले की आता हसतील. डॉक्टरीणबाईंनी तोंडात बसवून बघितले आणि चिठ्ठी पाठवली: अप्रतिम. मग मेणाच्या जागी पक्कं गुलाबी साहित्य भरून ती कवळी तिने शिजवली, घासली, चमकवली. शनिवार दुपार झाली. कापूस घ्यायचा तेवढा राहिला.

तिने बोळा फिरवला. खालच्या कवळीत, डाव्या बाजूला, धागा अडकला.

मेणताईने कानस हातात घेतली. एक क्षणाचं काम होतं. समोर फोटो टेकवून ठेवलेला होता. सर हसत होते, धाकटा अर्धाच होता, आणि तिला वाटलं, ह्यानेच माझ्या भावाला अर्धा कापला. तिने कानस खाली ठेवली. मी काही केलेलं नाही, ती स्वतःला म्हणाली, नुसतं काही केलं नाही एवढंच. नजरचूक कुणाचीही होते. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तर डोंगर हलतो म्हणतात. मोहरीएवढ्या खड्याने काय होतं ते बघूच. तिने फोटो तेवढा ठेवून घेतला, कवळी टोपलीत घातली आणि दोरी सोडली. डॉक्टरीणबाईंनी आतून बोट फिरवलं नाही. मेणताईच्या हातचं काय तपासायचं? पेशंटला नव्या कवळीने थोडं टोचतंच, सवय होईल, असं सांगून त्यांनी ती दिली.

त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांना भाकरीचा तुकडा वाटायच्या, आधी ज्याला साक्ष द्यायची असेल तो उभा राहतो. कोणी दुखण्यातून उठलेला असतो, कोणाचा मुलगा परतलेला असतो. त्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं आणि विज्ञानाचे सर उभे राहिले. सत्कार-बित्कार काही नव्हता. कोट घातलेले सर हातात टोपी धरून एकटेच उभे होते.

"मला," ते म्हणाले, आणि थांबले. "मला एक," पुन्हा थांबले. डावा गाल थरथरला. पुढे जे आलं ते नुसतं फसफसणं होतं. शब्द दुखऱ्या जागेला वळसा घालून निघायला बघत होते आणि वाटेतच मोडत होते. त्यांनी रुमाल तोंडाला लावला. रुमालावर लाल ठिपका आला. ते मान हलवून खाली बसले. भरून आलं बिचाऱ्यांना, असं मागच्या बाकावर कोणीतरी पुटपुटलं.

मेणताईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, तिला फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तुकडा वाटायला सुरुवात होईपर्यंत टिकलं. मग तिने पाहिलं की सर खाली वाकून रुमालाआड कवळी काढताहेत. त्यांनी भाकरीचा तुकडा बोळक्या तोंडात ठेवला आणि डोळे मिटून हिरड्यांनी तो मऊ करत राहिले. ते तोंड तिने बोटांनी पाठ केलं होतं. डावीकडे खाली हिरडीवर पातळशी घडी आहे, तिथलं मांस कागदासारखं नाजूक आहे, आणि खडा बरोबर तिथे रुततोय, हे जगात फक्त तिला माहीत होतं. तिच्या स्वतःच्या डाव्या हिरडीत कळ आली. तिला तुकडा तोंडात घालवेना. हातात घेऊन ती बसून राहिली.

सोमवारी दुपारी तिला डुलकी लागली, पण जबडे बोलेनात. सगळ्या फळ्या गप्प. ऊन होतं, धूळ होती, वाफ होती, आणि त्या वाफेतून धाकटा जिना चढून आला, शिट्टी न मारता. तिच्या खांद्यावरून वाकून त्याने टेबलावरच्या पांढऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, कापूस फिरवलास का?" ती दचकून जागी झाली. आवाज ऐकला होता, अगदी कानाशी, आणि डोळे उघडेपर्यंत तो विरून गेला होता. ती ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं, कानस आणि कापूस पिशवीत टाकला, आणि डॉक्टरीणबाईंना न सांगता जिना उतरली.

सर शाळेमागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत. दार उघडलं ते बोळक्या तोंडाने. खिडकीत पाण्याच्या पेल्यात कवळी पडली होती. पेल्यावरून ऊन आत येत होतं आणि दात पाण्यात शांतपणे हसत होते.

"तू," सर म्हणाले. "त्याची बहीण."

दाताविना त्यांचं बोलणं इतरांना कळत नसे. मेणताईला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळत होतं. तिचा जन्मच अशा तोंडांत गेला होता.

"कवळी बघायला आलेय," ती म्हणाली. "मीच केली ती."

"माहीत आहे."

"माहीत होतं तर आलात कशाला? दुसरे दवाखाने आहेत की."

"दुसरीकडे गेलो असतो तर तेही पळणंच झालं असतं. बैस."

ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. तिने ठरवून आणलेलं वाक्य होतं: आत एक खडा राहून गेला होता. ते तिने म्हटलं. आणि मग ते तिथेच टेबलावर पडलेलं तिला बघवेना.

"राहून गेला नव्हता," ती म्हणाली. "दिसला होता मला. मी ठेवला."

सरांनी पेल्यातल्या कवळीकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, "केवढा?"

"मोहरीएवढा."

"मोहरीएवढा," सर म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले. "आणि मला वाटलं, देवच बोलू देत नाहीये. काल घरी येऊन तेच म्हणत बसलो होतो. म्हटलं, एकोणीस वर्षं गप्प बसलास, आता त्याला तुझी साक्ष नको आहे."

"कसली साक्ष?"

"किल्ली माझ्याकडे होती," सर म्हणाले.

बोबडं, हवा सुटलेलं, फसफसलेलं वाक्य. तिला प्रत्येक अक्षर कळलं.

"बर्नर मीच चालू ठेवून गेलो होतो. चौकशीत विचारलं, आणि तोंडातून त्याचं नाव गेलं. कारणं होती, पण ती सगळ्यांनाच असतात, सांगत नाही. मध्यंतरी दात काढले. लोक म्हणायला लागले, सर, तुम्ही काय बोलता ते कळत नाही. मला भीती वाटली. हे बोलायचं राहून गेलं तर?"

एकोणीस वर्षं ती ज्या शब्दांची वाट बघत होती ते काल उभे राहिले होते, कोट घालून, सगळ्या मंडळीसमोर, आणि तिनेच त्यांच्या वाटेत खडा ठेवला होता. धाकट्याचं नाव निघता निघता तिने मागे ढकललं होतं. आणि वर या म्हाताऱ्याला वाटलं की देवाने तोंड फिरवलं.

"ते देवाचं काम नव्हतं हो," ती घाईघाईने म्हणाली. "माझं होतं. देवाला नका लावू ते."

"बरं," सर म्हणाले, एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखं.

तिने पेल्यातून कवळी काढली, पुसली, खिडकीशी धरली. कानस चारदा फिरली आणि खडा गेला. पांढरट भुकटी तिच्या पदरावर पडली. तिने कापूस फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग उगाच तिसऱ्यांदा. कुठे धागा अडकला नाही.

"आत्ता घालू नका," ती म्हणाली. "हिरडी भरू दे. दोन आठवडे मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा. मग रोज थोडा वेळ घालून साठापासून सत्तरपर्यंत मोठ्याने मोजायचं. एकसष्ट, बासष्ट नीट आलं की सगळं येतं." मग तिने कापूस पिशवीत टाकला. "सर, माझ्याच्याने माफ होत नाहीये. मी करायला आले नव्हते. मी माझं चुकलं ते सांगायला आले होते."

"मी मागितलं कुठे? मागायला तोंड नाही मला. प्रार्थनेत ती ओळ येते ना, आमची क्षमा कर. तिथे मी गप्प असतो."

मेणताईने त्यांच्याकडे पाहिलं. "मी तिच्या पुढच्या अर्ध्याला गप्प असते."

तिने कवळी परत पेल्यात सोडली. पेल्यातलं पाणी हललं आणि छतावर उजेड हलला. निघताना तिने पिशवीतून फोटो काढला. "हा तुमचा. ह्यात तो काहीतरी बोलतोय."

फोटो बघताच सरांचा सगळा चेहरा बदलला. "बोलला म्हणून तर मी हसलो. त्यानंतर माझा हसरा फोटो नाही."

"काय म्हणाला होता?"

"आत्ता नाही सांगणार. बोळक्या तोंडाने सांगितलं तर त्याची मजा जाईल. दात बसू देत."

पुढचा पहिला रविवार यायला चार आठवडे होते. त्या चार आठवड्यांत मेणताई रोज सकाळी भांड्यात पाणी तापत ठेवायची आणि पाळकसाहेबांची ती छोटी प्रार्थना म्हणायची. आता उचल म्हणायची सोय राहिली नव्हती. ती म्हणायची, प्रभू, त्यांची हिरडी भरू दे. मागवत होतं ते तेवढंच. पण ते मात्र ती मनापासून मागायची, आणि मनात त्यांना कधीपासून अहो-जाहो करायला लागली ते तिच्या लक्षातही आलं नाही.

तो रविवार आला. सर उभे राहिले. कोट तोच, टोपी तीच.

"एकोणीस वर्षांपूर्वी शाळेची प्रयोगशाळा जळाली," ते म्हणाले. "किल्ली माझ्याकडे होती. बर्नर मी चालू ठेवला होता. आणि नाव त्या मुलाचं घेतलं. तो खरं बोलत होता. मी खोटं बोललो."

सवयीप्रमाणे मेणताईने आधी स आणि श ऐकले. स्वच्छ होते, श तेवढा किंचित जड. शेवटच्या बाकापर्यंत एकेक शब्द पोचत होता. मग त्या शब्दांचा अर्थ तिच्यापर्यंत पोचला आणि समोरचे सगळे बाक पाण्यात बुडाल्यासारखे हलायला लागले. कोणी मान खाली घातली. सर खाली बसले तेव्हा त्यांच्या शेजारचा माणूस नकळत थोडा सरकून बसला. तिने ते पाहिलं, आणि नवल म्हणजे तिला त्याचा राग आला.

प्रार्थना झाली. ती ओळ आली. पाचव्या बाकावर मेणताईचे ओठ हलले आणि मिटले. डावीकडे पुढे एक पांढरी मान खाली वाकलेली होती, तीही गप्प. इतकी वर्षं हे असंच चाललं असेल, तिच्या मनात आलं, आणि ओळ पुढे निघून गेली.

उपासना सुटल्यावर लोक सरांच्या दोन्ही बाजूंनी पांगून गेले. ते पायऱ्यांवर एकटेच उभे होते. मेणताई त्यांच्याजवळ गेली. सगळे बघत होते. बघू देत.

"बसले ना दात?" ती म्हणाली. "आता सांगा."

सरांनी टोपी बगलेत धरली. "फोटोवाला म्हणाला, जरा हसा. मला कुठलं हसू येतंय? मी ताठ उभा. तर हा माझ्या कानाशी वाकला..." आणि ते वाकले. ओठ पुढे आले, मान जराशी तिरकी झाली, आणि त्यांनी धाकट्याची नक्कल केली. धाकट्याने केलेली सरांची नक्कल, त्याच खोडकर, नाकातल्या, शेवटाला वर चढणाऱ्या आवाजात: "'सर, दात काढू नका. वर्गाबाहेर उभं करीन!'"

तो होता. त्या एका वाक्यापुरता तो पायऱ्यांवर होता, सव्वीस वर्षांचा, जसाच्या तसा. मेणताई हसली. एवढ्या मोठ्याने हसली की झाडावरचे पक्षी उडाले, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, आणि सरही हसत होते, तिने लावलेला तिरका सुळा उन्हात चमकत होता. जगात त्या मुलाचा आवाज एकाच माणसाकडे शिल्लक होता आणि त्याच माणसाला लवकर उचल, असं तिने एके काळी मागितलं होतं.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली. सरांनी पुन्हा केली.

मग ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "सर, आपली एक ओळ राहिली आतमध्ये."

सरांना कळलं. त्यांनी टोपी दोन्ही हातांत घेतली, खाली पाहिलं आणि अगदी हळू आवाजात ओळीचा पहिला अर्धा भाग म्हटला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ते थांबले. मेणताईने उरलेला अर्धा म्हटला. तिचाच आवाज होता, पण न वापरलेल्या कुलपासारखा तो आधी अडला आणि मग उघडला.

पायऱ्यांखाली कोणीतरी सायकल काढत होतं. पाळकसाहेब दारात उभे राहून पुन्हा खोकत होते.

"उद्या दुपारी वर या," मेणताई म्हणाली. "उजवीकडे श जरा जड पडतोय तुमचा. घासून देते. आणि येताना जिना चढून या, टोपली-बिपली नको."